शेअर कसं मागावं: ठाण्या-नवी मुंबईतल्या नव्या पेजवाल्यांसाठी

पेज काढलं, डीपी लावला, पहिल्या आठवड्यात नातेवाईकांचे लाइक आले आणि मग सगळं थंडावलं. या टप्प्यावर बहुतेक जण एकच करतात. पोस्टर दिसेल त्या ग्रुपवर टाकतात आणि खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ लिहून तीन हात जोडतात. ठाण्यातल्या घरगुती फराळवाल्या, हौशी नाट्यसंस्था, ट्रेक नेणारे, शिकवण्या घेणारे अशांची पेजेस मी सांभाळते. त्या ओळीमुळे कोणाची ऑर्डर वाढलेली मला तरी दिसलेली नाही. ग्रुप म्यूट मात्र होतात.

शेअर मागण्यात गैर काही नाही. फक्त आपण काय मागतोय ते नीट ओळखलं पाहिजे. शेअर करणारा माणूस आपल्या माहितीतल्या लोकांत तुमच्यासाठी शब्द टाकत असतो. चिवडा खवट निघाला तर तुम्हाला तिथे कोणी ओळखत नसतं, बोलणी त्याला बसतात. हे डोक्यात ठेवलं की पुढच्या पायऱ्या आपोआप पटतात.

पहिली पायरी: पोस्ट एकटी निघाली तर पोहोचेल का?

शेअर झालेली पोस्ट तुमच्या पेजपासून तुटते. ती ऐरोलीतल्या कोणाच्या तरी फोनवर, कोणाच्या तरी चुलतबहिणीच्या ग्रुपमध्ये उघडते. तिथे तुमचं नाव, तुमची जुनी पोस्ट, तुमचा बायो काहीच नसतं. त्यामुळे जे सांगायचं ते सगळं त्याच पोस्टमध्ये हवं.

नेहमी दिसणारा नमुना हा असा: ‘दिवाळी स्पेशल! घरगुती फराळ. चकली, चिवडा, अनारसे सर्व काही मिळेल. ऑर्डर सुरू. मर्यादित स्टॉक. त्वरित संपर्क साधा.’

कुठे मिळेल? कितीला? कधीपर्यंत? संपर्क साधायचा तो कोणत्या नंबरावर? ज्याला शेअर करायचंय त्याला आधी हे सगळं तुम्हाला विचारावं लागणार, आणि एवढे कष्ट कोणी घेत नाही. आता हे बघा: ‘भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, रवा लाडू, अनारसे. दर फोटोवर लिहिले आहेत. ठाणे पश्चिम, पाचपाखाडी. नौपाडा आणि पाचपाखाडीत घरपोच, बाकीच्यांनी घरी येऊन न्यावं. ऑर्डर रविवार, १ नोव्हेंबर २०२६ पर्यंत.’ खाली फोन नंबर. कंटाळवाणं वाटेल, पण हे वाचून डोंबिवलीतली बाई उगाच फोन करत नाही आणि पाचपाखाडीतली लगेच करते.

तारखेत साल लिहाच. ‘येत्या रविवारी’ हा शब्द फॉरवर्ड होणाऱ्या पोस्टमध्ये बंदच करायला हवा. गेल्या वर्षीची फराळाची पोस्टर्स यंदाही फिरत असतात आणि लोक बिचारे त्या नंबरावर फोन करत राहतात.

पत्त्याचीही तीच गत. नवी मुंबईत नुसतं ‘सेक्टर ६’ लिहून काही साधत नाही. तिथे प्रत्येक नोडमध्ये सेक्टरची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणजे वाशी, नेरूळ, सानपाडा सगळीकडे सेक्टर ६ आहे. ठाण्यात पूर्व की पश्चिम हे लिहा, आणि घोडबंदर रोड म्हटलंत तर मानपाडा की कासारवडवली हेही. दोन्हींच्या मधलं अंतर संध्याकाळी किती वाटतं ते तिथे राहणाऱ्याला विचारा. नाटकवाल्यांनी नाट्यगृहाचं नाव पूर्ण द्यावं. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात मोठ्या रंगमंचाशिवाय मिनी थिएटरही आहे. ‘घाणेकरला प्रयोग’ एवढंच लिहिलंत तर निम्मे प्रेक्षक चुकीच्या दारात उभे राहतील.

एक साधी परीक्षा करा. पोस्टचा स्क्रीनशॉट काढा, तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या भाच्याला दाखवा आणि विचारा, ‘यातलं काय, कुठे, कितीला, कधीपर्यंत?’ चारांतलं एकही उत्तर अडलं तर शेअर मागायची वेळ अजून आलेली नाही.

दुसरी पायरी: पोस्ट शेअर होऊ शकते ना?

हे इतकं बाळबोध आहे की सगळे विसरतात. फेसबुकवर वैयक्तिक प्रोफाइलवरून पोस्ट टाकली आणि ती ‘फ्रेंड्स’पुरती असेल, तर ती कोणीही शेअर केली तरी मूळ पोस्ट पाहायची परवानगी ज्यांना आहे त्यांनाच दिसते. म्हणजे मावशीने मनापासून शेअर केलं आणि दिसलं ते तुमच्या-तिच्या सामाईक ओळखीच्या दहा जणांना. नावाखाली पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह दिसतंय का ते बघा. इन्स्टाग्रामवर अकाउंट प्रायव्हेट असेल तरी तेच. पाठवलेली पोस्ट तुम्हाला फॉलो न करणाऱ्याला उघडत नाही.

तिसरी पायरी: कोणाला विचारायचं

सगळ्यांना नाही. लग्नाची पत्रिका कुरिअरने धाडणं आणि घरी जाऊन अक्षत देणं यात जो फरक आहे, तोच ग्रुपवर ‘सर्वांनी शेअर करा’ टाकण्यात आणि एकेकाला विचारण्यात आहे. पाच-सात माणसं निवडा. निकष एकच: त्या माणसाने तुमचं काम स्वतः पाहिलेलं, खाल्लेलं किंवा वापरलेलं असावं. ज्याने तुमची चकली कधी चाखलीच नाही त्याला ‘माझी चकली चांगली आहे असं सांग’ म्हणणं अवघड जागी पकडण्यासारखं आहे. तो नाही म्हणणार नाही, ‘हो हो, टाकतो’ म्हणेल आणि टाकणार नाही. मग पुढच्या वेळी लिफ्टमध्ये दोघेही मोबाइलमध्ये बघत उभे.

मग सोसायटीचा ग्रुप. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या मोठ्या संकुलांत बहुधा दोन-तीन ग्रुप असतात: एक पाणी, लिफ्ट, पार्किंगच्या तक्रारींचा आणि एक खरेदी-विक्रीचा. पाणी न आल्याच्या चर्चेत मध्येच उकडीच्या मोदकांचं पोस्टर टाकलं तर मोदकांची चव तिथेच बिघडते. आधी ग्रुपचं डिस्क्रिप्शन वाचा. जाहिरातीला ठरावीक वार असेल तर तिथेच लिहिलेलं असतं. काही नसेल तर ॲडमिनला खाजगीत विचारा: ‘काका, आपल्या ग्रुपवर माझ्या क्लासची एक पोस्ट टाकली तर चालेल का? एकदाच टाकीन.’ आणि खरंच एकदाच टाका. शाळेच्या पालकांचा ग्रुप आणि दहाव्या-तेराव्याच्या निरोपांनी भरलेला नातेवाइकांचा ग्रुप मी तरी पूर्ण सोडून देते.

शहराच्या नावाने चालणाऱ्या, हजारोंनी फॉलोअर असलेल्या पेजेसना विचारायचं असेल तर सरळ विचारा की ते पैसे घेतात का. बरेच जण घेतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पैसे, फुकट जेवण किंवा भेटवस्तू देऊन कोणाकडून पोस्ट करून घेत असाल तर ती जाहिरात आहे असं त्या पोस्टमध्ये स्पष्ट लिहायला हवं. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था आस्कीने इन्फ्लुएन्सरसाठी २०२१ मध्ये तसे नियम आणले, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘आम्ही सहज गेलो आणि प्रेमातच पडलो’ असं लिहायला लावू नका.

चौथी पायरी: शब्द

इथे जरा थांबते, कारण बहुतेक गोष्टी इथेच बिनसतात.

मागणीत तीन गोष्टी हव्यात: तुम्हालाच का विचारतेय, नेमकं काय करायचं, आणि नाही म्हणायची वाट. उदाहरणार्थ, शेजारच्या इमारतीतल्या काकूंना:

‘काकू, नमस्कार. गणपतीत तुम्ही माझ्याकडून मोदक नेले होते. आता फराळाच्या ऑर्डर घेतेय, पोस्ट खाली पाठवलीय. तुमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर चालत असेल तर टाकाल का? रविवारपर्यंतच ऑर्डर घेणार आहे. नाही जमलं तरी काही हरकत नाही.’

आणि जुन्या सहकाऱ्याला: ‘अरे, २१ तारखेला आमचा प्रयोग आहे, गडकरीला. तू तालीम बघितली होतीस. तुझ्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये नाटकवेडे चार-पाच जण आहेत ना, त्यांना पाठवशील? ग्रुपवर नको, त्यांनाच पाठव.’

दुसऱ्या निरोपात ग्रुपवर टाकू नको असं सांगितलंय, हे मुद्दाम. चार नेमक्या माणसांना गेलेला निरोप दोनशेच्या ग्रुपला गेलेल्या पोस्टरपेक्षा जास्त तिकिटं काढतो.

जमलं तर एक ओळ त्यांच्या शब्दांत लिहायला सांगा. ‘मी खाल्लाय, चांगला आहे’ एवढं काकूंनी वर लिहिलं की तुमच्या डिझायनरने केलेलं पोस्टर नुसतं शोभेला उरतं. पण ती ओळ तुम्ही लिहून देऊ नका. ‘काकू, असं असं लिहा’ म्हणून तयार स्तुती पाठवणारे लोक आहेत. मग चार ग्रुपवर चार काकू एकच वाक्य लिहितात आणि पकडल्या जातात.

संबोधनाचा गोंधळही खूप होतो. ओळखीतल्या माणसाला जे म्हणता तेच लिहा: काकू, मावशी, दादा, वहिनी, सर. अनोळखी पेजच्या ॲडमिनला मात्र नुसतं ‘नमस्कार’ पुरे. पलीकडे पंचवीस वर्षांची मुलगी असते आणि तिला दिवसभर ‘दादा, एक शेअर मारा ना’ येत असतं.

काय लिहू नये? ‘खरे मराठी असाल तर शेअर कराल’, ‘माणुसकी शिल्लक असेल तर पुढे पाठवा’, ‘बघू किती जण शेअर करतात’. यात मागणी कमी आणि धमकावणी जास्त आहे. शिवाय फेसबुकला हे आवडत नाही. लाइक, शेअर, टॅग, कमेंट आणि मतं मिळवण्यासाठी लोकांना असं चिथावणाऱ्या पोस्ट फीडमध्ये खाली ढकलणार, असं त्यांनी डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. ‘मराठी उद्योजकाला साथ द्या’ हेही मी पोस्टरच्या माथ्यावर लावू देत नाही. लोक साथ देतात, पण पहिल्या वेळी. दुसऱ्या वेळी चकली खुसखुशीत होती का तेवढंच बघतात.

टॅग करण्याबद्दल दोनच वाक्यं. विचारल्याशिवाय पन्नास जणांना पोस्टरमध्ये टॅग करणं म्हणजे त्यांच्या भिंतीवर परवानगीशिवाय पोस्टर चिकटवणं. कलाकार, छायाचित्रकार, जागा देणारे अशा ज्यांचा त्या कामात हात आहे त्यांना टॅग करा, बाकी कोणालाही नाही.

पाचवी पायरी: व्हॉट्सॲपची चाल ओळखा

ठाण्यात आणि नवी मुंबईत शेअर म्हणजे मुख्यतः व्हॉट्सॲप, आणि त्याचे काही नियम माहीत नसतील तर मेहनत वाया जाते.

अफवांमुळे झालेल्या हिंसाचारानंतर २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. पुढे २०२० मध्ये, जो निरोप पाच किंवा जास्त हातांतून फॉरवर्ड होत आलाय तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं झालं. अशा निरोपावर दुहेरी बाण दिसतो. याचा तुमच्याशी संबंध काय? तुमचं पोस्टर ‘पुढे पाठवा, पुढे पाठवा’ करत फिरलं की त्यालाही तोच दुहेरी बाण लागतो, आणि लोक त्याच्याकडे कांद्याच्या रसाने मधुमेह बरा होतो छापाच्या मेसेजच्या नजरेने बघतात. म्हणून ओळखीच्या माणसाला पोस्टर फॉरवर्ड करून ‘पुढे ढकला’ म्हणण्याऐवजी पेजवरच्या पोस्टची लिंक द्या आणि ती आपल्या शब्दांत पाठवायला सांगा. लिंकचा दुसरा फायदा असा की मूळ पोस्टमध्ये तुम्ही नंतर बदल करू शकता. ‘ऑर्डर बंद झाल्या’ असं तिथे लिहिलं की लिंक उघडणाऱ्या सगळ्यांना कळतं. फॉरवर्ड झालेला फोटो मात्र सुटला तो सुटला. तुम्ही तुमच्या चॅटमधून तो सगळ्यांसाठी डिलीट केलात तरी पुढे गेलेल्या प्रती राहतात.

ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकेकट्याला पाठवायची सोय, अनेकांना ठाऊक आहे. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. त्यामुळे पहिल्या ऑर्डरच्या वेळीच गिऱ्हाइकाला सांगा, ‘ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, पुढच्या वेळचं कळवीन. नको असेल तेव्हा सांगा, काढून टाकीन.’ न विचारता लोकांना नव्या ग्रुपमध्ये कोंबण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ग्रुपमध्ये कोंबलं की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत ‘लेफ्ट’, ‘लेफ्ट’, ‘लेफ्ट’.

इन्स्टाग्रामवर गणित थोडं वेगळं आहे. एकाने दुसऱ्याला मेसेजमधून रील पाठवणं, म्हणजे तो कागदी विमानाचा बाण, याला तिथे वजन आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचण्यात हे पाठवणं विशेष महत्त्वाचं ठरतं. तेव्हा तिथे ‘स्टोरीला लावा’ म्हणण्यापेक्षा ‘ज्या मैत्रिणीला हे आवडेल तिला पाठवा’ म्हणणं जास्त उपयोगी. आणि ते म्हणणं रीलच्या शेवटी, बघण्यासारखं काही दाखवून झाल्यावर.

कधी आणि किती वेळा

गुढीपाडव्याच्या सकाळी, स्वागतयात्रेचे नऊवारी आणि ढोल-ताशांचे फोटो ओसंडत असताना तुमची पोस्ट कोणी बघणार नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या दिवशी तर नाहीच. सकाळी लोकलच्या धक्क्यात वाचलेला निरोप संध्याकाळी आठवत नाही. रात्री जेवणानंतरची वेळ मला बरी वाटते. एका कामासाठी एका माणसाला एकदाच विचारा. आठवण एकदा, तीही त्याने ‘टाकतो’ म्हटलं असेल तरच. वर्षात दोन-तीनदा मागणारा माणूस लोकांना चालतो. दर रील टाकली की लिंक पाठवणाऱ्याचं चॅट अर्काइव्हमध्ये जातं.

स्पर्धा आणि बक्षिसं

‘आपल्या टाइमलाइनवर शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा आणि पैठणी जिंका’ ही शक्कल फेसबुकच्या नियमांत बसत नाही. वैयक्तिक टाइमलाइन आणि मित्रयादी स्पर्धेत भाग घेण्याची अट म्हणून वापरू नये असं तिथे स्पष्ट लिहिलंय. कमेंटमध्ये उत्तर मागा, ते चालतं. आणि अशा शेअरमधून येणारे लोक पैठणीसाठी आलेले असतात, तुमच्यासाठी नव्हे.

मदतीचे निरोप

रक्त हवंय, आजोबा घरून निघून गेलेत, मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत. इथे संकोच सोडून सगळ्यांना विचारा. फेसबुकनेही २०१७ च्या त्या नियमातून हरवलेल्या मुलांचे आणि मदतनिधीचे निरोप वगळले होते. पण इथली जबाबदारी मोठी आहे. तारीख, वेळ, रुग्णालयाचं नाव, रक्तगट, आणि घरातल्याच माणसाचा त्याच्या परवानगीने दिलेला नंबर लिहा. गरज संपली की जिथे जिथे टाकलं तिथे ‘रक्त मिळालं, आता फोन करू नका’ असं टाका. हे न केल्याने त्या घरात पुढचे कित्येक महिने फोन वाजत राहतात, कधीकधी ज्याच्यासाठी रक्त हवं होतं तो माणूस गेल्यानंतरही. आजारी मुलाचा नळ्या लावलेला फोटो टाकू नका. त्याशिवायही लोक रक्त देतात.

शेअर झाल्यावर

ज्याने शेअर केलं त्याला त्याच दिवशी दोन शब्द लिहा, आणि नंतर काय झालं तेही: ‘काकू, तुमच्या मंडळातून चार ऑर्डर आल्या.’ हे लोकांना मनापासून आवडतं आणि पुढच्या वेळी ते न विचारता टाकतात. त्यांना फुकट डबा द्यायची घाई करू नका. दिलात तर मग त्यांची शिफारस पैशाची होते आणि तुम्हीही दर वेळी डबा द्यायला बांधले जाता. सणाला सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांबरोबर थोडं जास्त घातलंत तर ते वेगळं.

ज्याने केलं नाही त्याला कारण विचारू नका. फेसबुकवर ‘कोणी कोणी शेअर केलं’ ही यादी काढून बघत बसणाऱ्या आणि मग हळदीकुंकवाला टोमणे मारणाऱ्या बाया मला माहीत आहेत. त्यांचं पेजही बंद पडलंय.

‘तू माझं शेअर कर, मी तुझं करते’ असे करार करणारे ग्रुप नवीन लोकांना भुलवतात. त्यात शंभर विक्रेते एकमेकांची पोस्टर्स फिरवत असतात आणि गिऱ्हाईक एकही नसतं. त्यापेक्षा ज्यांच्या कामाची तुम्हाला खरंच खात्री आहे अशा दोन-तीन जणांची पोस्ट स्वतःहून शेअर करा.

आणि तुमच्याकडेच कोणी मागितलं तर? पेज चालू लागलं की हे होतंच. न आवडलेली गोष्ट भिडेखातर शेअर करू नका, कारण तुमच्या पुढच्या शेअरला त्याची किंमत मोजावी लागते. नाही म्हणायची सोपी रीत अशी: ‘ताई, तुमच्याकडून मी अजून काही घेतलेलं नाही, म्हणून ग्रुपवर टाकत नाही. पाव किलो चिवडा पाठवा, आवडला तर नक्की टाकते.’ आणि त्या चिवड्याचे पैसे द्या.